फॉस्फो-अँटिबॉडी: ब्लॉटच्या आधीची दोन मिनिटं

फॉस्फो-अँटिबॉडी म्हणजे प्रथिनावर ठरावीक जागी बसलेला फॉस्फेट ओळखणारी अँटिबॉडी, आणि ब्लॉट म्हणजे जेलमधली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून अशा अँटिबॉडीने शोधायची पद्धत. हा ब्लॉट कोरा आला की पहिला संशय अँटिबॉडीवर जातो. कुपी जुनी झाली असेल, कुरिअरमध्ये तापली असेल, असं म्हणत नवी मागवली जाते. शंभर मायक्रोलिटरच्या कुपीला पाच आकडी रुपये मोजायचे, आणि नव्या कुपीनेही ब्लॉट तसाच. बहुतेक वेळा अँटिबॉडी ठणठणीत असते. तिने ज्याला धरायचं तो फॉस्फेटच प्रथिनावर उरलेला नसतो. पेशी फोडताना पहिल्या एक-दोन मिनिटांत तो निघून गेलेला असतो. पुढचे दोन दिवस जेल, ट्रान्सफर आणि ब्लॉकिंग करून आपण त्या दोन मिनिटांत जे वाचलं त्याचं चित्र काढतो, एवढंच.

रत्नागिरी, दापोली, सावंतवाडीकडच्या छोट्या प्रयोगशाळांत एम.एस्सी.चे प्रकल्प किंवा पीएच.डी. करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. अँटिबॉडीसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात द्रावणांची प्रमाणं असतात. जुलैतली दमट हवा, मध्येच जाणारी लाईट आणि शुक्रवारी मुंबईहून निघालेलं पार्सल यांबद्दल त्यात काही नसतं.

आधी थोडक्यात पाया. काइनेझ एन्झाइम पेशीचं इंधन असलेल्या एटीपीमधला शेवटचा फॉस्फेट काढून प्रथिनातल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांवर बसवतात आणि फॉस्फेटेझ तो उतरवतात. प्रथिनाचं वजन त्याने जेमतेम ८० डाल्टनने वाढतं, पण त्या ठिकाणी ऋण भार येतो, आकार बदलतो आणि निरोप पुढे जातो. उलटसुलट होणाऱ्या या बदलाच्या शोधासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चं नोबेल मिळालं. टायरोसीनवरही फॉस्फेट बसतो हे टोनी हंटर यांनी १९७९ मध्ये दाखवलं. बहुतांश फॉस्फेट सेरीनवर असतात, थ्रिओनीनवर त्याहून बरेच कमी, आणि टायरोसीनवर तर शेकड्यात एक-दोन. हिस्टिडीनवरही फॉस्फेट बसतो, पण तो आम्लात आणि उष्णतेत टिकत नाही, त्यामुळे इथे सांगितलेल्या पद्धतीने तो दिसणार नाही.

अँटिबॉडी बनवताना त्या जागेच्या आजूबाजूचा दहा-पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा फॉस्फेटसह कृत्रिमरीत्या तयार करतात. एवढासा तुकडा सशाच्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरत नाही, म्हणून तो केएलएच नावाच्या अगडबंब प्रथिनाला जोडून टोचतात. हे केएलएच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटून राहणाऱ्या एका मोठ्या समुद्री गोगलगाईच्या निळ्या रक्तातून येतं. सशाच्या रक्तद्रवात मग तीन प्रकारच्या अँटिबॉडी असतात: फॉस्फेट असलेला तुकडा ओळखणाऱ्या, फॉस्फेट असो-नसो तुकडा ओळखणाऱ्या, आणि केएलएच ओळखणाऱ्या. म्हणून तो आधी फॉस्फेट नसलेल्या तुकड्याच्या स्तंभातून सोडतात, तिथे अडकेल ते बाजूला ठेवतात, आणि उरलेला फॉस्फेट असलेल्या तुकड्याच्या स्तंभावर पकडतात. पहिला स्तंभ नीट चालला नसेल तर अँटिबॉडी थोडीफार ‘टोटल’सारखी, म्हणजे फॉस्फेट असो-नसो प्रथिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीसारखी वागते. आता बऱ्याच जागांसाठी सशाच्या मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून येणाऱ्या एकसारख्या अँटिबॉडी मिळतात. पैसे जमत असतील तर त्याच घ्या, कारण पॉलिक्लोनलची (वर सांगितलेल्या रक्तद्रवातल्या मिश्र अँटिबॉडींची) पुढची बॅच मागच्यासारखी असेल याची खात्री नसते.

पेशी फोडताना

फॉस्फेट जातो कसा? जिवंत पेशीत काइनेझ आणि फॉस्फेटेझ दोन्ही एकाच वेळी काम करत असतात. पेशी फोडली की एटीपी पातळ होऊन संपतो आणि काइनेझ थांबतात. फॉस्फेटेझना एटीपी लागत नाही. ते चालूच राहतात, वर पेशीतल्या कप्प्यांच्या भिंतीही आता मध्ये नसतात. बर्फ त्यांचा वेग कमी करतो, पण त्यांना थांबवत नाही. नमुना बर्फावर आहे म्हणजे सुरक्षित आहे, हा समज फॉस्फोच्या कामात सगळ्यात महाग पडतो.

उपाय दोन. एक, फॉस्फेटेझ रोखणारी रसायनं. दोन, एन्झाइमांचा आकारच क्षणात मोडून टाकणं. छोट्या प्रयोगशाळेसाठी माझं मत ठामपणे दुसऱ्याच्या बाजूने आहे.

पहिला मार्ग आधी पाहू. पेशी फोडायचा नेहमीचा रिपा बफर म्हणजे ५० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, १ टक्का एनपी-४०, ०.५ टक्के सोडियम डिऑक्सिकोलेट आणि ०.१ टक्का एसडीएस (प्रथिनांची घडी मोडणारा डिटर्जंट). त्यात सेरीन-थ्रिओनीनच्या फॉस्फेटेझसाठी सोडियम फ्लोराइड १० ते ५० मिलिमोलर आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० ते २५ मिलिमोलर, टायरोसीनच्या फॉस्फेटेझसाठी सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर, आणि प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांसाठी पीएमएसएफ १ मिलिमोलर. फ्लोराइडचं द्रावण काचेच्या बाटलीत ठेवू नका, ते काच खातं. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. पीएच ८ ला साध्या तापमानात अर्ध्या तासात निम्मं निकामी होतं, म्हणून ते शेवटच्या क्षणी घाला.

व्हॅनाडेटबद्दल थोडं सविस्तर, कारण चूक बहुधा इथेच होते. पूड विरघळवून तसंच वापरलं तर त्यातले रेणू एकमेकांना जोडले जाऊन डेकाव्हॅनाडेट बनलेलं असतं आणि ते फॉस्फेटेझला नीट अडवत नाही. २०० मिलिमोलर द्रावण करा, पीएच १० ला आणा. ते पिवळं दिसेल. रंग जाईपर्यंत उकळा, गार करा, पीएच पुन्हा मोजा; तो ढळलेला असेल. पुन्हा १० करा, पुन्हा उकळा. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ राहिलं आणि पीएच हलेनासा झाला की लहान लहान कुप्यांत भरून उणे २० ला ठेवा. कुपी वितळवल्यावर पिवळी दिसली तर पुन्हा उकळा. दुसरी गोष्ट, ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं रसायन) व्हॅनाडेटला धरून ठेवतं आणि डीटीटी (प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) त्याचं रूप बदलून टाकतं. दोन्हींपैकी काहीही त्याच बफरमध्ये असेल तर व्हॅनाडेट घातलं काय नि न घातलं काय, सारखंच. जुन्या प्रोटोकॉलमधून उतरवलेल्या कितीतरी बफरमध्ये ही तिन्ही एकत्र नांदताना दिसतात.

ओकॅडाइक आम्ल आणि कॅलिक्युलिन-ए ही याहून जबरदस्त रोधकं, दोन्ही पहिल्यांदा समुद्री स्पंजांतून वेगळी केलेली. ओकॅडाइक आम्ल मुळात बनवतात ते सूक्ष्म डायनोफ्लॅजेलेट. शिंपल्यांत ते साठलं की खाणाऱ्याला जुलाब होतात, ते पीपी२ए नावाच्या फॉस्फेटेझला अडवणाऱ्या याच गुणामुळे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा संबंध ठाऊक असावा. वापरताना हातमोजे घालायला विसरू नका, ते विषच आहे.

आता माझ्या आवडीचा मार्ग: गरम एसडीएस. ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, त्यात १ टक्का एसडीएस. बस. त्यात डीटीटी नको, मर्कॅप्टोइथेनॉल नको, निळा रंगही नको. हे द्रावण ९५ अंशांवर तयार ठेवा. हीटिंग ब्लॉक इन्क्युबेटरच्या शेजारी आणून ठेवा, खोली ओलांडून पळायची वेळ येऊ नये. डिशमधलं माध्यम पूर्ण शोषून घ्या आणि लगेच ३५ मिलिमीटरच्या डिशमध्ये १५० मायक्रोलिटर गरम द्रावण ओता, खरवडा, ट्यूबमध्ये घ्या आणि पाच मिनिटं ९५ अंशांवर ठेवा. काइनेझ, फॉस्फेटेझ, प्रोटिएझ सगळे एका सेकंदात मोडले. रोधकांची यादीच नको.

याचे तोटेही आहेत. डीएनए बाहेर येऊन नमुना शेंबडासारखा चिकट होतो. २६ गेजच्या सुईतून दहा-बारा वेळा ओढून सोडा किंवा सोनिकेटरवर थोडे झटके द्या, नाहीतर पिपेटने मोजलेलं माप खोटं ठरतं आणि लेन ओढल्या जातात. प्रथिन मोजायला बीसीए ही रंगचाचणी वापरा, तिला एसडीएस चालतं; ब्रॅडफोर्ड चाचणीला चालत नाही. डीटीटी आधी टाळलं ते बीसीएसाठीच, मोजमाप झाल्यावर लोडिंग बफरबरोबर ते घालायचं. आणि प्रथिनाची घडी मोडलेली असल्याने हा नमुना इम्युनोप्रेसिपिटेशनला (अँटिबॉडीने द्रावणातून प्रथिन ओढून काढायला) उपयोगी नाही.

फायदा मात्र आपल्याकडे विशेष मोलाचा आहे. लोडिंग बफरमध्ये उकळलेल्या नमुन्यात फॉस्फेट काढणारं काही जिवंत उरत नाही, त्यामुळे रात्री फ्रीझर बंद पडला तरी सकाळी तो वापरता येतो. रिपामधला नमुना वितळून चार तास पडला तर त्याचा भरवसा धरू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावांना दिवसचे दिवस वीज नव्हती. वर्षभराचे नमुने कोणत्या रूपात साठवायचे हे ठरवताना हा विचार आधी करावा लागतो.

फॉस्फेट जाण्याइतकाच त्रास नको तिथे फॉस्फेट बसण्याचाही होतो. पी३८ आणि जेएनके हे ताणाला उत्तर देणारे काइनेझ. डिश जोरात हलवली, गार माध्यम ओतलं, इन्क्युबेटरचं दार उघडं राहिलं, एवढ्यानेही ते जागे होतात. मग ‘शून्य मिनिटं’च्या लेनमध्येच भरघोस बँड दिसतो आणि उत्तेजकाचा परिणाम कळेनासा होतो. म्हणून प्रत्येक वेळेसाठी वेगळी डिश घ्या, एकाच सहा-खळगी प्लेटवर सगळ्या वेळा बसवू नका. उत्तेजक उलट क्रमाने घाला: ३० मिनिटांच्या डिशला आधी, ५ मिनिटांच्या डिशला शेवटी, म्हणजे सगळ्या डिश एकाच वेळी फोडता येतात. शून्याच्या डिशलाही उत्तेजक सोडून बाकी सगळं मिळालं पाहिजे, तेवढंच माध्यम, तेवढीच हालचाल.

पेशींना आदल्या रात्री ०.१ ते ०.५ टक्के सीरमवर उपाशी ठेवा, १६ ते १८ तास. सीरममध्येच वाढीचे घटक असतात. ते राहिले तर ईआरके आणि एकेटी हे वाढीचा निरोप नेणारे काइनेझ आधीच उजळलेले दिसतात. खात्रीचे होकारार्थी नमुने म्हणून ईआरकेसाठी ईजीएफ हा वाढीचा घटक १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, ५ ते १० मिनिटं. एकेटीसाठी इन्सुलिन १०० नॅनोमोलर, १० ते १५ मिनिटं. पी३८ आणि जेएनकेसाठी ॲनिसोमायसिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, अर्धा तास. ईआरकेचं शिखर लवकर येतं आणि ओसरतं. कोणी थेट एक तासाला पाहून ‘परिणाम नाही’ लिहिलं असेल तर त्या निष्कर्षाला आधार नाही.

ब्लॉट

जेलबद्दल फार सांगायला नको. दहा टक्क्यांचा जेल, लेनमागे २० ते ३० मायक्रोग्रॅम. ईआरके ४२ आणि ४४ किलोडाल्टनला, पी३८ चाळिशीच्या आसपास, जेएनके ४६ आणि ५४, एकेटी ६०. पावसाळ्यात जेल गोठत नसेल तर ॲमोनियम परसल्फेट तपासा. बाटलीत ओल शिरली की ते मरतं. लहान बाटली घ्या, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि १० टक्क्यांचं द्रावण त्या दिवसापुरतंच करा. पूड ट्यूबमध्ये पाणी पडताच तडतडत नसेल तर ती टाकून द्या.

ट्रान्सफर पीव्हीडीएफच्या मेम्ब्रेनवर, ती आधी मिथेनॉलमध्ये भिजवून. १०० व्होल्टवर ६० ते ९० मिनिटं, टाकीभोवती बर्फ. रात्रभर ३० व्होल्टचा ट्रान्सफर पुस्तकात छान दिसतो, पण जून ते सप्टेंबर मी तो सुचवणार नाही. मध्यरात्री लाईट गेली तर मेम्ब्रेनवर पोचलेलं प्रथिन तिथेच राहतं, पण जेलमध्ये अडकलेलं पसरत जातं आणि सकाळी जाड, धूसर बँड मिळतात. किती वेळ प्रवाह होता हेही कळत नाही. दिवसा करा, पॉवर पॅक इन्व्हर्टरवर ठेवा. जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यातला फोडलेला बर्फ टाकीबाहेरच्या टबासाठी उत्तम आहे, फक्त त्यात थोडं पाणी घाला. सुट्या खड्यांपेक्षा बर्फ-पाण्याचा रगडा टाकीला चोहोबाजूंनी भिडतो.

ब्लॉकिंगसाठी, म्हणजे मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकायला, टीबीएसटीमध्ये ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), एक तास. टीबीएसटी म्हणजे २० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, पीएच ७.६, ०.१ टक्का ट्वीन-२०. दुधाच्या पावडरीत केसीन असतं आणि केसीन स्वतःच फॉस्फेटने भरलेलं प्रथिन आहे. काही फॉस्फो-अँटिबॉडी दुधातही चांगल्या चालतात. कोणत्याही फॉस्फोटायरोसीनला धरणाऱ्या सर्वसाधारण अँटिबॉडीसाठी मात्र दूध नकोच. माहितीपत्रकात दूध लिहिलं असेल तर दूध, नसेल तर बीएसए. धुण्यासाठीही फॉस्फेट बफर न घेता टीबीएसटीच ठेवा.

प्राथमिक अँटिबॉडी बहुधा १:१००० ने, ५ टक्के बीएसएमध्ये, रात्रभर ४ अंशांवर. दहा मिलिलिटरच्या डब्यात ब्लॉट बुडवला तर दर वेळी दहा मायक्रोलिटर जातात आणि कुपी दहा ब्लॉटमध्ये संपते. त्यापेक्षा मार्कर पाहून मेम्ब्रेनची हवी तेवढीच पट्टी कापा, दोन सेंटिमीटर रुंद, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, दीड-दोन मिलिलिटर द्रावण भरा, बुडबुडे बोटाने कडेला सारून पिशवी सील करा. दोन मायक्रोलिटरमध्ये काम झालं. बुडबुडा राहिला तर तिथे गोल पांढरा डाग येतो, म्हणून सील करताना घाई नको. पिशवी आडवी, सपाट ठेवा. रात्री लाईट जाण्याची शक्यता असेल तर पिशवी फ्रीजमध्ये न ठेवता थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅकमध्ये ठेवली तरी चालते, पण पॅकच्या थेट अंगावर नको, कापडाचा थर मध्ये हवा.

तेच द्रावण पुन्हा वापरायचं तर त्यात ०.०२ टक्के सोडियम अझाइड घाला, नाहीतर आपल्या हवेत बीएसएमध्ये दोन दिवसांत जिवाणू वाढतात. प्राथमिक अँटिबॉडीला धरून सिग्नल देणाऱ्या दुय्यम अँटिबॉडीच्या द्रावणात मात्र अझाइड चुकूनही जाऊ देऊ नका. ते तिला जोडलेल्या एचआरपी एन्झाइमला मारतं आणि ब्लॉट पूर्ण कोरा येतो. प्राथमिकनंतर टीबीएसटीने तीनदा, दर वेळी दहा मिनिटं धुणं याचसाठीही आहे.

कुरिअरबद्दल: ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येणारी अँटिबॉडी उणे २० ला गोठत नाही आणि एखादा दिवस साध्या तापमानात राहिली म्हणून लगेच बिघडतही नाही. तरी मागणी अशी द्या की पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी निघेल. गणपतीच्या आणि शिमग्याच्या आधीचा आठवडा टाळा. मुंबई-गोवा महामार्ग तुंबलेला असतो आणि पार्सल घ्यायला प्रयोगशाळेत कोणी नसतं. आलेली कुपी लहान ट्यूबमध्ये वाटून ठेवायची गरज नाही; न गोठणाऱ्या द्रावणाचं वाटप केलं तर थेंब भिंतींना लागून वाया जातात.

बँड खरा आहे का

योग्य वजनाला बँड दिसला म्हणजे तो फॉस्फेटचाच आहे असं नाही. सगळ्यात स्वस्त आणि सरळ पुरावा म्हणजे लॅम्डा फॉस्फेटेझ, प्रथिनांवरचे फॉस्फेट सरसकट उतरवणारं एन्झाइम. यासाठी एक नमुना वेगळा करा: १ टक्का ट्रायटन असलेल्या बफरमध्ये, एसडीएस, ईडीटीए आणि फॉस्फेटेझरोधक काहीही न घालता. त्याचे दोन भाग करा. एका भागात ५० मायक्रोलिटरला ४०० युनिट एन्झाइम आणि १ मिलिमोलर मँगनीज क्लोराइड घालून ३० अंशांवर अर्धा तास ठेवा. दुसऱ्या भागातही तेच घाला, पण सोबत ५० मिलिमोलर फ्लोराइड आणि १० मिलिमोलर व्हॅनाडेट. पहिल्यात फॉस्फो-बँड नाहीसा झाला पाहिजे, दुसऱ्यात राहिला पाहिजे, आणि टोटल अँटिबॉडीने दोन्हीत सारखा दिसला पाहिजे. पहिल्यातही बँड तसाच राहिला तर अँटिबॉडी फॉस्फेट पाहत नाहीये, दुसरंच काहीतरी पाहतेय. ही चाचणी प्रत्येक नव्या कुपीला आणि प्रत्येक नव्या प्राणिजातीला एकदा तरी द्यावी असं मला वाटतं. मार्गदर्शकांनी प्रबंधात ती मागायलाच हवी.

दुसरा पुरावा काइनेझरोधकाचा. यू०१२६ हे १० मायक्रोमोलर दिलं की ईआरकेवर फॉस्फेट बसवणारा एमईके थांबतो आणि फॉस्फो-ईआरके जातो. एलवाय२९४००२ हे ५० मायक्रोमोलर दिलं की एकेटीच्या सेरीन ४७३ वरचा बँड जातो. इथे एक सापळा आहे. एसबी२०३५८० हे पी३८ चं रोधक म्हणून प्रसिद्ध आहे, ते घालून लोक फॉस्फो-पी३८ पाहतात आणि बँड जात नाही म्हणून गोंधळतात. ते पी३८ ला काम करू देत नाही, पण पी३८ वर फॉस्फेट बसवणारे वरचे काइनेझ मोकळेच असतात. म्हणून तपासायचं ते पी३८ च्या खालचं लक्ष्य, एमके२ किंवा एचएसपी२७ यांचा फॉस्फेट. कोणता रोधक साखळीच्या कोणत्या कडीवर बसतो हे कागदावर काढल्याशिवाय प्रयोग सुरू करू नये.

टोटल प्रथिनाचा ब्लॉट हवाच, नाहीतर फॉस्फेट वाढला की प्रथिनच वाढलं हे कळत नाही. मेम्ब्रेन धुऊन पुन्हा वापरण्यापेक्षा तोच नमुना शेजारच्या दुसऱ्या जेलवर चालवा. धुवायचंच असेल तर आधी फॉस्फो, मग टोटल. २ टक्के एसडीएस, ६२.५ मिलिमोलर ट्रिस पीएच ६.८, १०० मिलिमोलर मर्कॅप्टोइथेनॉल, ५० अंशांवर अर्धा तास, आणि फ्यूम हूडखालीच. धुतल्यावर नुसती दुय्यम अँटिबॉडी लावून जुना सिग्नल खरंच गेलाय का ते पाहा. मोजणी करण्याआधी एकाच नमुन्याचे ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅम लावून बँडची तीव्रता त्याच प्रमाणात वाढते का ते बघा. पांढरं मध्य आणि काळी कड असलेला बँड मोजू नका, तो केव्हाच संपृक्त झालाय.

अर्थ लावताना आणखी एक. फॉस्फेट बसला म्हणजे प्रथिन ‘चालू’ झालं, असं सरसकट नाही. जीएसके३-बीटा या काइनेझच्या सेरीन ९ वर फॉस्फेट बसला की ते बंद होतं. एसआरसी या काइनेझमध्ये टायरोसीन ४१६ वरचा फॉस्फेट चालू करतो, ५२७ वरचा बंद. आणि फॉस्फो भागिले टोटल या गुणोत्तरातून ‘किती टक्के रेणूंवर फॉस्फेट आहे’ हे निघत नाही, कारण दोन अँटिबॉडींची पकड वेगवेगळी असते. टक्केवारी हवी असेल तर हिरोशिमा विद्यापीठात विकसित झालेला फॉस-टॅग जेल वापरा: ५० मायक्रोमोलर फॉस-टॅग, १०० मायक्रोमोलर मँगनीज क्लोराइड, नमुन्यात ईडीटीए नाही. फॉस्फेट असलेले रेणू मागे रेंगाळतात आणि टोटल अँटिबॉडीनेच दोन्ही बँड एका लेनमध्ये दिसतात. ट्रान्सफरआधी जेल ईडीटीए घातलेल्या बफरमध्ये भिजवून मँगनीज काढून टाका, नाहीतर प्रथिन जेल सोडत नाही.

शिंपल्यांवर वापरायचं तर

आपल्याकडे या तंत्राचा खरा उपयोग किनाऱ्यावरच्या प्राण्यांवर आहे. शिनाणे म्हणून बाजारात येणाऱ्या हिरव्या शिंपल्या, कालवं, कोळंबी यांच्यावर ऊन, गोडं पाणी, प्राणवायूची कमतरता यांचा पेशीपातळीवर काय परिणाम होतो, हे पी३८, जेएनके आणि ऊर्जेची कमतरता ओळखणारा काइनेझ एएमपीके यांच्या फॉस्फेटमधून तासाभरात दिसू शकतं. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, दापोलीचं कृषी विद्यापीठ यांच्या परिसरात असे विषय घेणाऱ्यांना माणसासाठी बनवलेल्या अँटिबॉडी चालतील का, हा पहिला प्रश्न पडतो.

त्याचं उत्तर क्रमवारीत आहे. फॉस्फेटच्या जागेच्या दोन्ही बाजूंची पाच-पाच अमिनो आम्लं माणसाच्या आणि त्या प्राण्याच्या क्रमात शेजारी ठेवून पाहा. पी३८ मध्ये थ्रिओनीन-ग्लायसीन-टायरोसीन, ईआरकेमध्ये थ्रिओनीन-ग्लुटामेट-टायरोसीन, जेएनकेमध्ये थ्रिओनीन-प्रोलीन-टायरोसीन हे त्रिकूट प्राणिसृष्टीत दूरवर सारखं आहे. प्रथिननिर्मितीची सुरुवात करून देणाऱ्या ईआयएफ२-अल्फाच्या सेरीन ५१ भोवतीचा भाग तर यीस्टपासून माणसापर्यंत टिकून आहे. एएमपीकेचा थ्रिओनीन १७२ हाही चांगला उमेदवार. एकेटीच्या सेरीन ४७३ बद्दल मात्र आधी क्रम पाहा, गृहीत धरू नका. क्रम जुळला तरी लॅम्डा फॉस्फेटेझची चाचणी द्यायचीच. त्रिकुटं एकमेकांसारखी असल्याने एका एमएपी काइनेझची (पी३८, ईआरके आणि जेएनके याच कुटुंबातले) अँटिबॉडी दुसऱ्याला थोडी चिकटते. आणि टोटलची अँटिबॉडी बहुधा वेगळ्याच भागाविरुद्ध असते, ती शिंपल्यात चालत नाही. तेव्हा मेम्ब्रेनवरचं एकूण प्रथिन पॉन्सो रंगाने मोजून त्याने भागा.

नमुना घेताना ओहोटीची वेळ ठरवून जा, आणि प्रत्येक वेळी खडकावरची पातळी एकच ठेवा. वरच्या बाजूच्या शिंपल्या आधी उघड्या पडतात, जास्त तापतात, कवच मिटून प्राणवायूशिवाय राहतात. खालच्या अजून ओल्या असतात. दोन्ही एका पिशवीत भरल्या तर गट पाडायला काही उरत नाही. बादलीत भरून प्रयोगशाळेत आणलेल्या शिंपल्यांत खडकावरची स्थिती सापडणार नाही, बादलीतलीच सापडेल. मासळी बर्फात कधी पडली यावर तिचा ताजेपणा ठरतो, तसं इथे खडकापासून ट्यूबपर्यंतच्या वेळावर सगळं ठरतं.

कवच बंद ठेवणारा स्नायू सुरीने कापा, कल्ल्याचा ५० मिलिग्रॅमच्या आसपासचा तुकडा चिमट्याने काढा, टिपकागदावर क्षणभर टेकवून समुद्राचं पाणी झटका आणि २ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये घालून द्रव नायट्रोजनमध्ये सोडा. खारं पाणी राहिलं तर त्यातलं पोटॅशियम एसडीएसशी मिळून पांढरा साका धरतं आणि मीठ लेनना वाकडं करतं. द्रव नायट्रोजन मिळत नाही म्हणून थांबू नका. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुसंवर्धन विभागाला तो लागतोच, तिथे चौकशी करा. गाडीतून नेताना काचा खाली ठेवा, बंद गाडीत वायू साठला तर गुदमरायला होतं. नायट्रोजन नसलाच तर थर्मासमध्ये उकळतं पाणी न्या, एसडीएसच्या ट्यूब त्यात तरंगत ठेवा आणि तुकडा थेट त्याच्या वजनाच्या दहापट गरम द्रावणात टाकून कात्रीने बारीक करा. हा तुकडा २० मिलिग्रॅमपेक्षा मोठा नको, नाहीतर मध्यभाग तापायला वेळ लागतो. थर्मासमध्ये तापमापक ठेवा. ८५ अंशांच्या खाली गेलं की पाणी बदला.

प्रत्येक ट्यूबवर दोन वेळा लिहा: शिंपली खडकावरून सुटली ती आणि तुकडा नायट्रोजनमध्ये किंवा गरम द्रावणात गेला ती. दोघांत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलं तर तो नमुना फॉस्फो-ब्लॉटला लावू नका, एकूण प्रथिनाच्या कामाला ठेवा.